नाताळातले पाहुणे

लंडनमध्ये बेघरांसाठी काम करणारी ‘क्रायसिस’ ही संस्था १९६७ सालची. नाताळाच्या आठवड्यात ती तात्पुरती केंद्रं उघडते आणि ती हजारो स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. कोविडच्या आधी सलग चार नाताळ मी त्यांतला एक होतो. झोपायची सोय तेव्हा शाळा-कॉलेजांच्या इमारतींत असे. हॉटेलांतल्या खोल्या नंतर आल्या. दिवाळी उरकली की इथे डिसेंबरात करायला काही नसतं, हे माझं खरं कारण. समाजसेवा वगैरे मागाहून सुचलं.

१. मदत म्हणजे बहुतेक वेळ नुसतं उभं राहणं. ईस्ट हॅमहून सायकल हाणत निघालो तेव्हा मनातल्या मनात मी शंभर माणसांची आमटी ढवळत होतो. ड्यूटी मिळाली ती पहिल्या मजल्यावरच्या संडासाबाहेर. आत गेलेला माणूस बराच वेळ बाहेर आला नाही तर दार वाजवून ‘बरे आहात ना?’ विचारायचं, बस्स. पहिला तास अपमानात गेला (आयटीतला सीनियर माणूस मी!), दुसरा कंटाळ्यात. तिसऱ्या तासाला एक आजोबा माझ्याकडे बघत थांबले. म्हणाले, “कधीचे उभे आहात. चहा आणू का?” आणला. न विचारता दोन चमचे साखर घालून. मी बिनसाखरेचा पितो. तो प्यालो.

२. पाहुणचार मला येतो, हा गैरसमज होता. तिथे येणाऱ्यांना ‘गेस्ट’च म्हणायचं असतं. आधी ते जरा नाटकी वाटलं. पण पाहुणा म्हटला की मराठी माणसाच्या अंगात आग्रह संचारतो. एका बाईंना मी भाजलेले बटाटे वाढायला गेलो. नको म्हणाल्या. “घ्या हो, एवढ्याशानं काय होतंय!” छापाचं इंग्रजी मी दोनदा झाडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि शांतपणे म्हणाल्या, “मी नाही म्हटलंय.” दिवसभर ‘ऊठ’, ‘सरक’ ऐकणाऱ्या माणसाचं ‘नको’ किती जण ऐकत असतील? मी तर पंगतीतल्या लाजऱ्या पाहुण्याचं ‘नको’ समजून बसलो होतो.

३. पायांबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. केंद्रात केस कापणारे असतात, दातांचे डॉक्टर असतात, चष्मेवाले असतात. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती पायांची खोली. ओल्या बुटांत दिवसेंदिवस राहून एका तरुणाचे मोजे कातडीला चिकटले होते. पाय बघणाऱ्या बाई टबात कोमट पाणी ओतत, बोटभर बोटभर मोजा सोडवत होत्या आणि तोंडानं फुटबॉलवर वाद घालत होत्या. अर्धा तास तरी लागला असेल. मी फक्त पाणी बदललं.

४. झोपलेल्या पाहुण्याला हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. असा नियम का, हे मी विचारलं तेव्हा शेजारच्या गादीवरूनच उत्तर आलं, “आम्हाला हात लागतो तो चोराचा, नाहीतर लाथ.” उघड्यावर झोपणं हाच गुन्हा मानणारा १८२४चा व्हॅग्रन्सी ॲक्ट तेव्हा इंग्लंडात लागू होता. इंग्रजांना नावं ठेवायला मी तोंड उघडणार, एवढ्यात आठवलं की आपल्याकडेही १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहेच. आणि कायदा राहू द्या. दादर स्टेशनबाहेर झोपलेल्या माणसांना वळसा घालून मी वर्षानुवर्षं लोकल पकडली. एकाचाही चेहरा आठवत नाही.

५. आपलंच कार्ड आपण वाचत नाही. एका संध्याकाळी जालंधरकडचा एक पाहुणा भेटला. हिंदीत बोलणारं कोणी दिसल्यावर दोन तास बोलला. काम गेलं, मग खोली गेली, आणि व्हिसावर अशी अट की सरकारी घर मागायची सोय नाही. मी हळहळलो. घरी येऊन माझं जुनं रेसिडेन्स परमिट ड्रॉवरमधून काढलं. त्यावरही छापलेलं होतं, ‘नो पब्लिक फंड्स’. वर्षानुवर्षं ते पाकिटात घेऊन फिरलो. पगार चालू असला की ती ओळ दिसत नाही.

६. पाहुण्याला स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. मी एकदा दिला. पुढचं सांगत नाही. चूक माझी होती आणि मनस्ताप दोघांना झाला.

७. ‘आता कुठे जाणार?’ हा प्रश्न मी शेवटच्या सकाळी विचारायला नको होता. पहिल्या दिवशी चहा आणून देणारे आजोबा सामानाची पिशवी बांधत होते. त्यांनी खालूनच विचारलं, “तुम्ही?” मी म्हणालो, घरी. “लांब आहे?” सायकलनं पाऊण तास. “मग हातमोजे घाला,” म्हणाले, “बाहेर गारठा आहे.” ते फाटकातून डावीकडे वळले. आम्ही गाद्या गुंडाळायला घेतल्या. शाळेला हॉल दुपारपर्यंत पुसून परत द्यायचा होता.