पॉवर सीट बंद पडली? मॉड्यूल बदलण्याआधी तार तपासा

कोल्हापूरची शासकीय आय.टी.आय. कळंबा रस्त्यावर आहे. हाती पाना धरून पोटापाण्याला लागू पाहणाऱ्या तरुणांची या रस्त्यावर नेहमीच वर्दळ असते. मात्र आजच्या मोटारीला केवळ पाना पुरत नाही. बटण दाबताच पुढे-मागे होणारी सीटसुद्धा आता तारेवरून 'बोलते'. हे बोलणे थांबले की अनेक गॅरेजवाले थेट मॉड्यूल बदलायला सांगतात. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि दोष तारेत असेल, तर सीट जागची हलत नाही. मग गिऱ्हाईकही पुन्हा येत नाही. म्हणून ही तपासणी क्रमाने शिकून घ्यावी.

आधी सीटचा प्रकार ओळखा

साध्या पॉवर सीटमध्ये स्विचमधून करंट सरळ मोटरला जातो. तेथे मॉड्यूल नसते, म्हणून संदेशाचा दोषही नसतो. १, २ अशी मेमरीची बटणे असलेल्या सीटमध्ये बहुधा मॉड्यूल असते. ते इतर मॉड्यूलशी 'कॅन' किंवा 'लिन' पद्धतीने बोलते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन पद्धतीत पीळ दिलेल्या दोन तारा असतात. लिनमध्ये एकच तार असते.

सावधगिरी

सीटखालचे पिवळे कपलर सहसा एअरबॅगचे असते. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे आणि मगच त्या कपलरला हात लावावा. एअरबॅगच्या तारांना मीटर कधीही लावू नये.

तपासणीचा क्रम

१) बॅटरी पाहा. गाडी उभी असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी उतरली असेल तर संदेशाचे खोटे दोषही नोंदले जातात.

२) स्कॅनर लावा. 'यू ०२०८' हा कोड सीटच्या मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचे सांगतो. परंतु ही तक्रार दुसऱ्या मॉड्यूलने नोंदवलेली असते. तेवढ्यावरून सीटचे मॉड्यूल जळाले असे ठरत नाही. फक्त सीटच उत्तर देत नसेल तर तिचा करंट, अर्थ आणि तिच्याकडे जाणारी शाखा तपासा. सगळेच गप्प असतील तर दोष मुख्य लाइनमध्ये शोधा.

३) करंट आणि अर्थ लोड देऊन तपासा. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून मॉड्यूलच्या कपलरवर करंट आणि अर्थ यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. तो मंद पेटला तर दोष फ्यूज, तार किंवा अर्थमध्ये आहे.

४) कॅन लाइन मोजा. बॅटरी काढून दोन तारांमधील रेझिस्टन्स पाहा. वेगवान कॅनमध्ये दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे मीटर सुमारे ६० दाखवतो. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना शॉर्ट आहेत. स्कॅनरच्या सॉकेटवर बहुधा ६ आणि १४ या पिना कॅनच्या असतात. परंतु मध्ये गेटवे असल्यास सीटची लाइन तेथून मोजता येत नाही, म्हणून गाडीचा वायरिंग नकाशा पाहावा.

५) लिनची तार जोडणीत असताना, संदेश जात नसेल त्या वेळी, जवळपास बॅटरीइतका व्होल्टेज दाखवते. कायम शून्य असेल तर तार अर्थला लागली असण्याचा संभव आहे. तिच्यावरची कपलर एकेक करून काढत जा. जे काढल्यावर व्होल्टेज परत येईल, दोष त्या बाजूला.

दोष बहुधा कोठे सापडतो?

सीट सरकते तशी तिच्याखालची वायरिंग वाकते, रेल्वर घासते आणि तुटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओले पाय गाडीत येतात. पाणी कार्पेटखाली मुरते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. म्हणून कपलर उघडून पिना पाहा, सीट पुढे-मागे करा आणि वायरिंग हाताने हलवत मीटरवर नजर ठेवा. तार जोडताना कॅनचा पीळ कायम ठेवावा. सोल्डर केलेला सांधा वाकणाऱ्या जागेपासून दूर घ्यावा आणि वायरिंगला थोडी ढील ठेवावी.

करंट, अर्थ आणि लाइन तिन्ही ठीक असूनही मॉड्यूल गप्प राहिले, तरच ते बदलण्याचा विचार करावा. नव्या मॉड्यूलला अनेक गाड्यांत कोडिंग लागते. भंगारातले मॉड्यूल गाडी स्वीकारीलच असे नाही. गिऱ्हाइकाला याची कल्पना आधीच द्यावी.

काम झाल्यावर कोड पुसा, सीट दोन्ही टोकांपर्यंत चालवा आणि मेमरी तपासून पाहा. या साऱ्यासाठी साधा स्कॅनर, मल्टिमीटर, बल्ब आणि थोडा धीर एवढेच भांडवल लागते. सापडलेली तुटकी तार गिऱ्हाइकाला दाखवून योग्य मजुरी घेणाऱ्या कारागिराला जाहिरातीची गरज भासत नाही.