नौकेवरची शिरगणती

दिवाळीची सुटी संपली की पेठ वडगाव आणि आसपासच्या गावांतील शाळा-महाविद्यालयांतून सहलींची बोलणी सुरू होतात. एके काळी सहल म्हणजे पन्हाळा, जोतिबा आणि फार तर नरसोबाची वाडी. आता गाडी कोल्हापूरहून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून थेट मालवणला जाते. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला की महाविद्यालयीन तरुणांचा आणि हौशी कुटुंबांचा मोर्चा ‘स्कूबा’कडे वळतो. पाठीवर हवेची टाकी बांधून, नळीवाटे श्वास घेत पाण्याखाली विहार करण्याचा हा प्रकार. समुद्र न पाहता आयुष्य काढलेल्या आजी-आजोबांच्या नातवंडांना हा शब्द आज तोंडपाठ आहे.

वारणाकाठच्या मुलाला पाण्याचे भय सहसा नसते. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकण्याची रीत या भागात जुनी आहे. या सरावाचे मोल कमी नाही. मात्र त्यातून येणारा आत्मविश्वास समुद्रावर जसाच्या तसा चालत नाही. विहिरीचे पाणी माणसाला कोठे नेत नाही. नदी नेते, पण तिला दोन काठ असतात. समुद्राला काठ एकच, आणि पाण्याची ओढ त्या काठाकडेच असेल असे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतील आठ जणांना जलसमाधी मिळाली. या दोन घटना येथील शिक्षकांच्या स्मरणात असतीलच. किनाऱ्यावरील त्या धोक्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नौकेतून आत गेलेला माणूस नौकेपासून दुरावतो, तेव्हा काय घडते हा विषय मात्र कमी परिचयाचा आहे, आणि सहलींचे आजचे स्वरूप पाहता तो समजून घेणे अगत्याचे आहे.

हरवलेले दोघे

२५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट डग्लस बंदरातून ‘आउटर एज’ नावाची नौका सव्वीस पर्यटकांना घेऊन ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेकडे निघाली. त्यांत एक अमेरिकन दांपत्य होते. दिवसातील शेवटची बुडी आटोपून नौका परतली, तेव्हा हे दोघे अद्याप पाण्यात होते. मोजणीत चूक झाली होती आणि ती कोणाच्याही ध्यानी आली नाही. नौकेवर त्यांची पिशवी तशीच पडून राहिली. दोन दिवसांनी ती उघडून पाहिल्यावर तिचे धनी परतलेच नाहीत हे उमगले. विमाने, नौका, पाणबुडे असा मोठा शोध झाला. दांपत्य सापडले नाही. नौकेच्या चालकावर मनुष्यवधाचा खटला चालून तो निर्दोष सुटला, कंपनीला दंड झाला, आणि क्वीन्सलँड राज्याने पर्यटकांच्या मोजणीचे नियम कडक केले.

या प्रकरणात वादळ नव्हते, नौका फुटली नव्हती, पाणबुड्यांची साधनेही बिघडली नव्हती. सव्वीस माणसे नेली होती आणि सव्वीस परत आणायची होती, एवढाच हिशेब चुकला. नौकेवरचा कर्मचारी रोज तेच काम करतो, आणि सवयीच्या कामातच डोळा चुकतो. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दप्तरात काम करणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

इतर घटनांत नौका माणसांना विसरली नव्हती, पाण्याने त्यांना नौकेपासून दूर नेले होते. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी इंडोनेशियातील बालीजवळ सात जपानी महिला बुडी मारून वर आल्या, तेव्हा हवामान बिघडले होते आणि नौका दिसेनाशी झाली होती. तीन दिवसांनी त्यांपैकी पाच जणी खडकाळ बेटालगत जिवंत सापडल्या, दोघी दगावल्या. ६ एप्रिल २०२२ रोजी मलेशियातील मेर्सिंग बंदरापलीकडे चौघे वर आले, तो नौकेचा पत्ता नव्हता. त्यांतील प्रशिक्षिका दुसऱ्या दिवशी सापडली. दोघांना अडीच दिवसांनी मासेमारांनी पाहिले. चौदा वर्षांचा मुलगा मात्र वाचला नाही.

शोधाचे गणित

माणूस समुद्रात हरवला की वेळ इतकी निर्णायक का ठरते, हे सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल. समजा, प्रवाहाचा वेग ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर आहे. माणूस सावकाश चालतो त्याहूनही हा वेग कमी. प्रवाहाची दिशा ठाऊक नसेल, तर एका तासानंतर तो माणूस १.८५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोठेही असू शकतो. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ पावणेअकरा चौरस किलोमीटर भरते. तीन तासांनी त्रिज्या तिप्पट होते, क्षेत्रफळ मात्र नऊपट, म्हणजे सुमारे ९७ चौरस किलोमीटर. चोवीस तासांनी ते सुमारे ६,१९० चौरस किलोमीटर होते. सबंध कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या विस्तारात, लाटांच्या वरखाली होणाऱ्या पाण्यावर, नारळाएवढे दिसणारे एक डोके हुडकायचे असते. ऑस्ट्रेलियातील शोध सुरू होईतो दोन दिवस लोटले होते.

प्रत्यक्षात बचाव पथके वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह यांचा अंदाज घेऊन हे वर्तुळ पुष्कळ लहान करतात. त्यासाठी त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: माणूस शेवटचा कोठे दिसला आणि किती वाजता. नौकेवरील कोणी घड्याळ पाहून ठेवले नसेल, तर उत्तम विमानही आंधळे ठरते. कोकणच्या तांडेलांना हे गणित पुस्तकाविना अवगत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जोरात ओढते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी नरम असते, आणि भरती-ओहोटीच्या संधीला थोडा वेळ पाणी स्तब्ध राहते. जाणता पाणबुड्या बुडीसाठी हीच संधी साधतो.

पाण्यात राहिलेल्या माणसाची शक्ती दोन वाटांनी ओसरते. एक म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा अट्टाहास. त्यात पट्टीचा पोहणाराही थकतो. दुसरी वाट थंडीची. हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीस पटींनी वेगाने वाहून नेते. कोकणचे कोमट वाटणारे पाणीदेखील शरीराहून थंडच असते, आणि रात्र काढण्याची वेळ आली तर त्याचा परिणाम जाणवतो. म्हणून पाणबुड्यांना प्रशिक्षणात शिकवतात ते असे: जाकिटात हवा भरावी, कमरेचे शिशाचे वजन सोडून द्यावे, सोबत्यांनी एकमेकांना धरून राहावे. शिट्टी, आरसा आणि हवा भरताच उभी राहणारी नारिंगी नळी ही अगदी स्वस्त साधने, पण दुरून नजरेस पडण्यास त्यांच्याइतके उपयोगी काही नाही.

एकत्र राहण्याचे महत्त्व मुंबईजवळच्या समुद्रात दिसून आले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात तेलक्षेत्रातील कामगारांचा निवासी तराफा ‘पी-३०५’ नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. जीवरक्षक जाकिटे घालून, एकमेकांचे हात धरून अनेकांनी खवळलेल्या पाण्यात रात्र काढली, आणि नौदलाने १८६ जणांना वाचविले. वादळाची पूर्वसूचना हवामान खात्याने आधीच दिली होती. ती मानून तराफा वेळीच सुरक्षित जागी हलविला गेला असता, तर उरलेल्या पंचाहत्तर घरांची कथा निराळी झाली असती.

मालवणकडे वळून

मालवण परिसरात पर्यटकांना मिळतो तो अनुभव बव्हंशी उथळ पाण्यातील असतो आणि मार्गदर्शक पर्यटकाला धरून असतो. त्यामुळे बालीसारखी वाहून जाण्याची घटना येथे सहसा संभवत नाही. येथला धोका नौकेच्या प्रवासातच अधिक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या सुमारे वीस जणांची नौका उलटली आणि दोघे मृत्युमुखी पडले. बुडी सुखरूप पार पडली होती. परतीच्या वाटेवर घात झाला. जाकीट उकडते म्हणून काढून मांडीखाली घेणारे पर्यटक प्रत्येक फेरीत दिसतात. त्यांना हटकण्याचा अधिकार सहलीच्या प्रमुखाने आधीच मनाशी पक्का करून घ्यावा. नौकावाल्यावर तो सोपवून चालत नाही, कारण गिऱ्हाइकाला दुखविणे त्याच्या पोटावर येते.

हा प्रश्न समुद्रापुरता नाही, हे वारणा-पंचगंगेच्या खोऱ्याने अनुभवले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नौका पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे उलटली आणि अनेकांचा बळी गेला. नौकेत नेमके किती जण होते, याचे आकडे प्रारंभी वेगवेगळे येत होते. आपत्तीच्या धांदलीत चढणाऱ्यांची नावे टिपणार कोण, असा प्रश्न कोणी करील. पण काठावर उभा राहून चढणारी डोकी मोजणारा आणि क्षमतेपेक्षा एकही अधिक माणूस चढू न देणारा एक गावकरी नेमणे, ही पंचायतीच्या आवाक्यातील गोष्ट आहे. त्यासाठी निधीची मंजुरी लागत नाही.

सहलीसाठी रीत अशी ठेवता येते. नौकेत चढणाऱ्यांच्या नावांच्या दोन याद्या कराव्यात. एक नौकेवर जाणाऱ्या शिक्षकाकडे आणि दुसरी किनाऱ्यावर थांबणाऱ्या शिक्षकाकडे असावी. यादीवर निघण्याची वेळ, परतण्याची अपेक्षित वेळ, नौकेचे नाव व नोंदणी क्रमांक, तांडेलाचा दूरध्वनी लिहावा. परतताना नुसती डोकी मोजू नयेत. एकेक नाव पुकारावे आणि ज्याचे त्याने ‘हजर’ म्हणावे, कारण एका मुलाच्या जागी दुसरे दोनदा मोजले जाते, पण नाव दोनदा हजर होत नाही. ठरलेली वेळ टळली की किनाऱ्यावरच्या शिक्षकाने वाट पाहत बसू नये. भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे, आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. नौका मागाहून सुखरूप परतली आणि दूरध्वनी व्यर्थ गेला, तर त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. तसेच १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. मलेशियातील दोघांना ज्या मासेमारांनी पाहिले, तसे डोळे त्या दिवसांत आपल्या समुद्रावर जवळजवळ नसतात. पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्याच्या अखेरीस सहल ठरविणाऱ्यांनी तारीख नक्की करण्यापूर्वी मालवणच्या बंदर कार्यालयाकडे जलवाहतूक सुरू आहे किंवा नाही याची चौकशी करावी, आणि मिळालेले उत्तर त्याच यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावे.