दाराशी येणारे मांजर आणि पाळलेले मांजर

मराठी घरांत कुत्रा पाळला जातो, मांजर मात्र नुसते असते. कणगीभोवतीचे उंदीर मारणे हे ज्याचे काम आणि चुलीजवळची ऊब व उरलेला दूधभात हा ज्याचा मोबदला, त्या प्राण्याची जबाबदारी घरातील कोणा एकावर कधी सोपवली गेली नाही आणि खेड्यांच्या व वाड्यांच्या मोकळ्या रचनेत त्यावाचून फारसे अडलेही नाही. हीच वृत्ती शहरातील सदनिकांत आली, की ती मांजराच्या जिवावर बेतते, हे प्रस्तुत लेखिकेच्या घराने मोठी किंमत देऊन जाणले आहे.

निर्बीजीकरण, म्हणजे शस्त्रक्रियेने प्रजननक्षमता कायमची थांबवणे, हे काम त्या घरात 'एक वेत होऊ द्यावे, मग पाहू' या सर्रास ऐकू येणाऱ्या समजुतीपायी लांबणीवर पडले. वस्तुतः मांजरी चौथ्या ते सहाव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, तिचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. परिणामी त्या घरातील मांजरी वर्षाच्या आत दोनदा व्याली. पहिल्या वेतातील पिल्ले लस न टोचताच ओळखीत दिली गेली. दुसऱ्या वेतातील तिन्ही पिल्ले पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटवणाऱ्या आणि बोलीत 'मांजरांचा पार्वो' म्हटल्या जाणाऱ्या विषाणुजन्य रोगाने, दगावली. पाण्याच्या वाटीवर मान झुकवून बसून राहायचे, पण थेंबही प्यायचा नाही, हे या रोगाचे बोलके लक्षण. पाणी शिळे असावे असे समजून घरच्यांनी दिवसभर वाटीच बदलली, आणि उपचाराला उपयोगी पडला असता तो दिवस हातचा गेला. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दिली जाणारी संयुक्त लस, तिच्या पुढील मात्रा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावरची रेबीजची लस यांचा खर्च त्या एका दिवसापुढे नगण्य होता.

मांजर मारणे हे महापाप, त्याच्या प्रायश्चित्ताला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे मानणाऱ्या समाजात मांजर पोत्यात घालून लांब सोडून येणे मात्र पाप गणले जात नाही. पहिल्या वेतानंतर हा सल्ला त्या घरालाही अनेकांनी दिला होता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये इतकाच असावा, ही खेदाची बाब आहे. पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी आवश्यक ठरवली. नोंदणी म्हणजे केवळ जाच, असा सूर लावला जातो. परंतु तिच्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागत असल्याने, शेजारच्या मुलाला ओरखडा निघाला तर पहिला प्रश्न ज्या कागदाविषयी होतो, तो कागद घरात तयार राहतो. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थेला नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि हा हक्क सांगणाऱ्याने आपले मांजर जिन्यात घाण करणार नाही, याची काळजी स्वतः वाहिली पाहिजे. गच्चीला व खिडक्यांना जाळी हवीच, कारण पक्ष्यामागे झेपावणाऱ्या मांजराला उंचीचे भान राहत नाही.

पिल्ले गेल्यावर त्या घरात फरशी फिनेलने पुन:पुन्हा पुसली गेली, तीही चूकच होती. हा विषाणू घरात वर्षभर टिकून राहू शकतो, फिनेलला तो दाद देत नाही, आणि पंजे चाटणाऱ्या मांजराला फिनेल स्वतःच विषारी ठरते. पाणी घालून पातळ केलेले ब्लीच वापरून, फरशी स्वच्छ धुऊन वाळवावी, आणि नवे पिल्लू लसीच्या मात्रा पूर्ण झाल्यावरच अशा घरात आणावे.