गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ

अगं, पळताना तीन-चार किलोमीटर सगळं छान, मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चमक, आणि थांबलं की कमी. जिना चढताना फारसं नाही, उतरताना मात्र हमखास. तू फोनवर हे सांगितलंस आणि मला लगेच आयटी बँड आठवला. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जोडलेला जाड, चिवट पट्टा आहे तो. गुडघा साधारण 30 अंशांत वाकला की हा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. उतारावर गुडघा त्याच कोनात जास्त वेळ राहतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी तू यवतेश्वरचा घाट एकदम वाढवलास, तेव्हापासूनच मला धाकधूक होती गं.

घरी एवढं करून बघ. आडवी हो, गुडघा दुमड, बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा दाबून धर आणि पाय हळूहळू सरळ कर. अर्ध्याच्या पुढे आल्यावर ओळखीची कळ आली, तर बहुधा हाच त्रास. पण गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला, तर गुडघ्यातली गादी फाटलेली असू शकते. मग थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती प्रयोग नकोत.

फोम रोलर दुखऱ्या जागेवर रगडू नकोस. तो पट्टा रोलरने लांब होत नाही, उलट तिथली जागा चिडते. रोलर फिरवायचाच तर मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर फिरव. खरी मेहनत कमरेच्या बाजूच्या स्नायूंवर घे. ते कमजोर असले की पाऊल टेकताना गुडघा आत झुकतो आणि पट्टा ताणला जातो. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोप, वरचा पाय सरळ ठेव, टाच भिंतीला घासत वर ने आणि सावकाश खाली आण. पायाची बोटं छताकडे वळू देऊ नकोस, नाहीतर काम भलताच स्नायू करतो. नितंबाच्या वरच्या कडेला जळजळलं, म्हणजे बरोबर चाललंय.

पळणं पूर्ण सोडायची गरज नाही. सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड, कळ येण्याआधी थांब. पावलं थोडी छोटी आणि भरभर टाक. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण कुठे थांबायचं हे ती कळच सांगते. आणि या रविवारी घाट नको, ऐक माझं.