खेळणाऱ्याला उठू दे

चि. सई,



तुझ्या मराठी शब्दखेळाचा आराखडा काल रात्री वाचून काढला. कल्पना झकास आहे. पण खेळाबद्दल अर्धं पान आणि खेळणाऱ्याला परत कसं ओढून आणायचं याबद्दल तीन पानं, हे काही मला पटलं नाही. दिवसातून तीन नोटिफिकेशन, एक दिवस चुकला की स्ट्रीक शून्यावर, हरल्यावर जाहिरात बघितली की आणखी एक संधी. ही तीन पानं काढून टाक.

तू ज्याच्यावरून हे घेतलंस तो वर्डलच बघ ना. जॉश वॉर्डलनं तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शहासाठी केला आणि २०२१च्या ऑक्टोबरात सगळ्यांना खुला केला. दिवसाला एकच शब्द, सहा प्रयत्न. तेव्हा जाहिरात नव्हती, नोटिफिकेशन नव्हतं. १ नोव्हेंबरला खेळणारे होते नव्वद, दोन महिन्यांत झाले तीन लाख. पसरला तो निकालाच्या हिरव्या-पिवळ्या चौकोनांमुळे, आणि तीही युक्ती त्याची नव्हे. न्यूझीलंडमधली मंडळी आपला निकाल इमोजींनी हातानं टाइप करून एकमेकांना पाठवू लागली, ते बघून त्यानं शेअरची सोय दिली. चौथ्या प्रयत्नात जमलं हे चौकोनांवरून कळतं, उत्तर मात्र फुटत नाही. ३१ जानेवारी २०२२ला न्यूयॉर्क टाइम्सनं दहा लाख डॉलरहून जास्त मोजून खेळ विकत घेतल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘मामा, असं सरळ वागून पोट भरत नाही’ हे मला सांगू नकोस.

उलट हनोईच्या डाँग न्गुयेनचा फ्लॅपी बर्ड घे. जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळताहेत असं तो स्वतःच सांगत होता, आणि २०१४च्या फेब्रुवारीत त्यानं तो खेळ स्वतःच काढून घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे त्याला सोसेना. त्यात तर तुझ्या त्या तीन पानांतलं काहीच नव्हतं. पडलं की पुन्हा टॅप करायचं, बस. नुसत्या खेळालाच एवढी ओढ असते, त्यावर आणखी गळ कशाला टाकायचा? (पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेनं कायद्यानं बंदी आणली, ते बरंच झालं. पण वेळ लुबाडणाऱ्याला कायदा कुठून हात लावणार?)

लग्नघरात पत्ते रंगलेले असतात, पंगतीची हाक येते, पानं पालथी टाकून सगळे उठतात आणि डाव मोडला म्हणून कोणी रुसत नाही. तुझा खेळ तसा असू दे. आजचा शब्द झाला की ‘उद्या या’ म्हण आणि गप्प बस.

त्यापेक्षा डोकं खर्च करायला खरं काम पडलंय, आणि ते माझ्या डीटीपीच्या धंद्यातलं आहे. तू ‘पाच अक्षरी शब्द’ म्हणतेस, पण मोजणार कोण? ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा तुकडे. लांबी विचारलीस की प्रोग्राम बहुधा सहाच सांगणार. चौकोन अक्षरांना दे, तुकड्यांना नको. नाहीतर एका घरात हलन्त लोंबकळत बसेल. पुढचा पेच रंगाचा. उत्तरात ‘का’ आहे आणि कोणी ‘की’ लिहिलं, तर काय दाखवशील? पूर्ण चूक म्हणणं अन्याय, पिवळा दिलास तर अक्षर दुसऱ्या घरात आहे असं वाटेल. मी असतो तर ‘अक्षर बरोबर, मात्रा चूक’ याला तिसरा रंग दिला असता. ऱ्हस्व-दीर्घात मात्र सूट देऊ नकोस. लोक चिडतील, चिडू देत!

शब्दकोशातले सगळे शब्द यादीत ओतू नकोस. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे बारा हजार निघाले होते. पलकनं ते चाळून ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास ठेवले. तसं तू आणि आजी मिळून करा. तिला ठाऊक नसलेले आणि तुला ठाऊक नसलेले, दोन्ही काढा. ‘परसदार’ आणि ‘डाउनलोड’ यांवरून तुमचं भांडण होणार, ते होऊ द्या. यादी झाली की आधी मला पाठव. शुद्धलेखन मी तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

तुझा,
मामा