तलावाच्या पाळीवरून

भंडारा शहर सोडून पूर्वेकडे निघालेला राजरस्ता लाखनी व साकोली ही गावे ओलांडून छत्तीसगडाकडे जातो. या रस्त्याने वेगाने जाणाऱ्या प्रवाशास धानाच्या बांध्या दिसतात; मधूनच झाडीआड पाणी चमकते व क्षणात दिसेनासे होते. ते पाणी पाहावयाचे असेल, तर राजरस्ता सोडून पायीच निघाले पाहिजे.

त्यास पौषातील सकाळ उत्तम. धान कापून झालेले असते आणि त्याच ओलीवर पेरलेली लाखोळी बांध्यांतून हिरवीगार दिसते. धुऱ्याधुऱ्याने जाणारी वाट मुळीच अवघड नाही. काही वेळाने समोर मातीचा लांबलचक उंचवटा आडवा येतो. तो चढून जावे, तो पलीकडे एकदम विस्तीर्ण जलाशय पसरलेला! काठाशी शिंगाड्याचे वेल, मध्ये धीवरांचे डोंगे आणि पैलतीरास मोह, ऐन, तेंदू यांचे रान. ज्या उंचवट्यावर आपण उभे असतो, तीच तलावाची पाळ. पुढील वाट तिच्या माथ्यावरूनच जाते.

ही पाळ निसर्गाने घातलेली नाही. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी नावाचे लोक या रानात वस्तीस आले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांस बरोबर आणले, अशी एक कथा आहे. भंडाऱ्याकडील कोहळी मात्र आपले पूर्वज लांजीहून आल्याचे सांगत. हे रान तेव्हा निर्मनुष्य होते, असे कोणी समजू नये. गोंड लोक येथे आधीपासूनच राहत होते आणि राज्यही त्यांचेच होते. जो तलाव बांधील, त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन द्यावी, अशी गोंड राजांची रीत सांगतात. पाहुण्यांच्या कसबास यजमानांनी दिलेले हे मोलच होते.

त्यांचे कसब तरी केवढे! हाती मोजणीचे यंत्र नाही, नकाशा नाही. पावसाचे पाणी कोठून उतरते, कोठे वळते, हे ते नुसत्या नजरेने ताडीत. दोन टेकड्या जेथे जवळ येतात, तेथे माती व दगड टाकून त्या जोडावयाच्या, म्हणजे मागे पाणी साठते. पाळीत एके ठिकाणी पाणी सोडण्याची वाट ठेवीत. तिला तुडूम म्हणतात. जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून कडेस सखल जागा राखीत, ती सलंग. सलंग चुकली, तर एका मुसळधार रात्रीत सारी पाळ वाहून जावयाची.

असे हजाराहून अधिक जुने तलाव आजही भंडारा जिल्ह्यात आहेत. साकोलीजवळील शिवनीबांध हा त्यांतील एक मोठा. नवेगावबांधचा तलाव त्याहूनही मोठा. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो तिकडे गेला. तो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे मानतात. भोवतीच्या सात शिखरांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्या बहिणींनी बांधकामास हातभार लावला, अशी दंतकथा आहे. कोलू पाटलांना तर लोकांनी कोलासूर देव करून एका शिखरावर बसविले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सहस्रावधी कुटुंबे बैलगाड्यांतून माळराने ओलांडीत पश्चिमेस गेली. त्या गाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी खडकावर अजून दिसतात व लोक मुद्दाम त्या वाटांनी चालावयास जातात. भंडाऱ्याच्या वसाहतकारांच्या चाकोऱ्या उरल्या नाहीत. त्यांची खूण पाहावयाची, ती पाळीवर.

पुढे हे तलाव गावोगावच्या मालगुजारांच्या ताब्यात आले. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. कागदावरचा मालक बदलला. पाळीस मात्र दरवर्षी माती लागतेच. ती घालावयाची कोणी? अनेक तलाव गाळाने उथळ झाले, त्यांत बेशरमाची झुडुपे माजली आणि मासळी घटली. अलीकडे या भागातील काही धीवरांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे कष्ट घेतले आहेत. पाळीवरून चालताना स्वच्छ पाणी व झुडुपांनी गिळलेले पाणी यांतील फरक लहान मुलाच्याही ध्यानात येतो.

पाळ संपते तेथे वाट सलंगेपाशी उतरते. आता तेथे कोरडे दगड असतात; श्रावणात येथूनच पाणी खळाळत खालच्या गावाच्या तलावात जाते, तो भरला की त्याच्याही खालच्या तलावात. असे उतरत उतरत ते चुलबंद नदीस मिळते आणि चुलबंद वैनगंगेस.