दुकानाचं डिपॉझिट देण्याआधी शहराचा 'डीपी' वाचा



जागा शोधताना आपण काय काय बघतो? भाडं, डिपॉझिट, पाणी, लाईट, पार्किंग, समोरून जाणारी वर्दळ. पण त्या जागेबद्दल शहराने काय ठरवून ठेवलंय, हे बहुतेकजण बघतच नाहीत. हे ज्यात लिहिलेलं असतं त्याला म्हणतात विकास आराखडा, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'डीपी'. तो बिल्डर लोकांचा विषय आहे असं समजू नका. तुमची साठवलेली पुंजी त्या जागेत जाणार असेल, तर तो तुमचाही विषय आहे.

डीपी तयार कसा होतो?

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली चालतं. महापालिका किंवा नगरपालिका आधी जमिनीचा सध्याचा वापर नकाशावर मांडते. मग पुढच्या वाढीचा विचार करून प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते. नागरिकांच्या हरकती-सूचना येतात, सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. निदान 20 वर्षांतून एकदा आराखडा सुधारावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 1987 चा होता, त्यानंतरचा मंजूर झाला 2017 मध्ये.

हरकतींना किंमत नसते असंही नाही. मुंबईचा प्रारूप आराखडा 2015 मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. नव्याने केलेला आराखडा 2018 मध्ये लागू झाला.

त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी

1. झोन. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती वगैरे. नकाशात साधारणपणे निवासी भाग पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा आणि शेती हिरवी दिसते. निवासी झोनमध्ये व्यवसाय अजिबात चालत नाही, असं नाही. किराणा, सलून, दवाखाना, पिठाची गिरणी यांना अटींवर जागा असते. कुठला मजला, रस्ता किती रुंद, मोटर किती ताकदीची, आवाज किती, अशा त्या अटी. त्या विकास नियंत्रण नियमावलीत मिळतात. मुंबईची नियमावली वेगळी आहे. राज्याच्या बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रित नियमावली लागू आहे.

2. आरक्षण. शाळा, बाग, मंडई, दवाखाना यांसाठी राखून ठेवलेली जागा. आज तिथे पत्र्याची शेड आणि गाळे दिसत असले, तरी कागदावर ते खेळाचं मैदान असू शकतं.

3. रस्ते. नवीन रस्ता कुठून जाणार, जुना किती रुंद होणार. 'डीपी रोड' हा शब्द इथूनच आला.

नुकसान कुठे होतं?

समजा, तुम्ही मसाला कांडपसाठी रस्त्यालगतचा गाळा घेतला. 5 लाख डिपॉझिट, 3 लाख फर्निचर आणि मशिनरी. डीपीप्रमाणे रस्ता रुंद व्हायचाय आणि गाळ्याचा पुढचा 10 फूट भाग त्यात जातोय. उद्या काम सुरू झालं, तर जमिनीचा मोबदला किंवा टीडीआर जमीनमालकाच्या नावावर. तुम्ही भाडेकरू. तुमचं फर्निचर, जमवलेलं गिऱ्हाईक आणि वर्षभराची मेहनत यांचा हिशोब कोण देणार?

दुसरी गोष्ट. कायद्यात 'विकास' म्हणजे फक्त बांधकाम नव्हे. जागेच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच, आणि त्याला परवानगी लागते. राहत्या फ्लॅटमध्ये विनापरवाना वर्कशॉप टाकलं तर नोटीस येऊ शकते. कायद्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

एजंटची चार वाक्यं आणि त्यांची उत्तरं

"शॉप अ‍ॅक्ट निघतो ना, मग झालं!" शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणी ही तुमच्या व्यवसायाची नोंद आहे. त्या जागेत तो व्यवसाय चालतो, याचा तो दाखला नाही.

"सातबारा क्लिअर आहे." सातबारा जमीन कोणाची ते सांगतो. तिथे काय करता येईल ते डीपी सांगतो.

"आराखडा अजून प्रारूप आहे, काळजी नको." परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो, असं कायदाच म्हणतो.

"झोन बदलून घेऊ." बदलता येतो, पण त्याला जाहीर सूचना, हरकती आणि सरकारची मंजुरी लागते. बदल होईल या भरवशावर डिपॉझिट देऊ नका.

संधीही इथेच दिसते

नवीन रस्ता, बस टर्मिनस, मंडई कुठे येणार ते डीपीत आधी दिसतं. पण नकाशावरची रेघ म्हणजे उद्याचं डांबर नव्हे. कित्येक आरक्षणं वर्षानुवर्षं कागदावरच राहतात. म्हणून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालकाला नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेण्याचा मार्ग कायद्यात ठेवलाय. तेव्हा आजच्या गिऱ्हाइकावर गाळा चालत असेल तरच घ्या. उद्याचा रस्ता आला, तर तो बोनस समजा.

सही करण्याआधी

- जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर मालकाकडून लेखी घ्या.
- महापालिका किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मुंबईत 'डीपी रिमार्क' मागा.
- इमारतीचा मंजूर नकाशा बघा. गाळा त्यात दुकान म्हणून दाखवलाय की पार्किंग म्हणून?
- आपला नेमका व्यवसाय सांगून आर्किटेक्टकडून नियमावली तपासून घ्या.
- रस्तारुंदीत जागा गेली तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. मालक लिहायला तयार नसेल, तर समजून जा.

दाखल्याची फी आणि आर्किटेक्टचे पैसे मिळून जो खर्च होईल, तो तुमच्या डिपॉझिटच्या मानाने किरकोळ असतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या मनात असलेल्या एका जागेचा सर्व्हे नंबर मिळवा आणि झोन दाखल्यासाठी अर्ज करा. दाखला हातात आला की मगच भाड्याची घासाघीस सुरू करा.